घरच्या गॅरेजसाठी स्वस्त हत्यारं: पैसे टोकात घाला, बाकीचं जुगाडावर भागतं

नवीन माणूस घरी हत्यारं जमवायला लागला की पहिली चूक ठरलेली असते, मोठ्ठी प्लॅस्टिकची पेटी. शंभरावर पीस, झाकण उघडलं की सगळं चकाचक आपापल्या खाचेत बसलेलं, नुसतं बघूनच वाटतं की आता आपण काहीही दुरुस्त करू शकतो. मीही तेच केलं. घरी आणून मोजलं तर निम्म्याहून जास्त पीस म्हणजे बोटाच्या पेराएवढे स्क्रूचे बिट, त्यातले बरेचसे असे की तसला स्क्रू मी आजतागायत बघितलेला नाही, आणि जे पाने खरोखर लागतात ते मात्र वरून कीर्तन आतून तमाशा. पहिल्याच महिन्यात त्यातल्या १३ च्या पान्याने एका गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करून ठेवलं. पाना फाकला, घसरला, बोटांची सालटं निघाली ती वेगळीच, आणि तो एक बोल्ट काढायला पुढचे दोन रविवार गेले.

त्या दोन रविवारांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. हत्याराचा जो भाग नटाला, स्क्रूला किंवा लाकडाला प्रत्यक्ष भिडतो तिथे पैसे घालायचे. मूठ, रंग, पेटी, ट्रे, हुक, स्टँड हे सगळं स्वस्तात किंवा फुकटात होतं. याला अपवाद एकच, जी वस्तू मोडली तर आपला हातपाय किंवा डोळा जाईल तिथे काटकसर नाही, त्यावर शेवटी येतो.

पायरी १: आधी काहीच घेऊ नका

खरंच. तीन-चार आठवडे नुसती एक वही ठेवा आणि घरात जे काही सैल होतंय, मोडतंय, करकरतंय ते लिहा, आणि त्याला कुठला नट किंवा स्क्रू आहे तेही मोजून लिहा. सायकल, स्कूटर, कार, पाण्याचा नळ, खुर्ची, कपाटाची बिजागरी, जे असेल ते. महिनाभरात लक्षात येतं की आपल्या घरातलं जवळजवळ सगळं पाच-सहा मापांवरच चाललंय.

इथे नवीन लोकांचा एक गोंधळ होतो म्हणून सांगतो. बोल्टला एम ६ म्हणतात तेव्हा ते ६ मिलिमीटर म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास, पाना मात्र डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा लागतो आणि ते असतं १०. एम ५ ला साधारण ८ चा पाना, एम ८ ला १३ चा, पण जपानी धाटणीच्या गाड्यांवर त्याच एम ८ ला १२ चा. एम १० ला तर १७, १६ किंवा १४ यातलं काहीही निघू शकतं, गाडी कुठल्या मापपद्धतीवर बनलीय त्यावर ते ठरतं. म्हणून ८, १०, १२, १३, १४ आणि १७ एवढे सहा पाने घेतले की नवख्या माणसाचं बहुतेक काम निघतं, बाकीचे अडेल तसे एकेक घ्यायचे. १० चे मात्र दोन घ्या. का ते कळेलच, तो पाना इंजिनात कुठेतरी पडतो आणि पुन्हा दिसत नाही.

पायरी २: पाने आणि सॉकेट (नटावर टोपीसारखं बसणारं), इथे खिसा थोडा सैल सोडा

पान्यात दोन जाती. एक उघड्या तोंडाचा, म्हणजे फिक्स पाना, आणि दुसरा रिंग पाना. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या फक्त दोन बाजू धरतो, जोर लावला की त्याचा जबडा किंचित फाकतो, आणि पाना मऊ लोखंडाचा असेल तर किंचित नाही, चांगलाच फाकतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी कवेत घेतो त्यामुळे जोर वाटला जातो. घट्ट बसलेला नट आधी रिंगने सोडवायचा आणि सैल झाला की फिक्सने भराभर फिरवायचा, हा क्रम अंगवळणी पाडा. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असा कॉम्बिनेशन पाना मिळतो, सुरुवातीला तोच घ्या, एकाच हत्यारात दोन्ही कामं होतात.

रिंगच्या किंवा सॉकेटच्या आत बघा. सहा कोन असतील तर नटाच्या सपाट बाजूवर जोर येतो, बारा कोन असतील तर कोपऱ्यांच्या जवळ येतो. बारावाला अडचणीच्या जागी पटकन बसतो हे खरं, पण गंजलेल्या किंवा आधीच थोड्या झिजलेल्या नटाला सहावालाच. माझा तो गोल झालेला बोल्ट शेवटी निघाला तो सहा कोनांच्या सॉकेटने, आणि तेही एक माप लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवल्यावर.

स्वस्त पाना चांगला की वाईट हे चकाकीवरून कळत नाही. क्रोम व्हॅनेडियम (एक मजबूत पोलाद) असा शिक्का असतो, तो असावा, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, शिक्का काय कुणीही मारतं. मी एक नवा कोरा बोल्ट खिशात घेऊन जातो, पाना त्यावर बसवतो आणि डावीउजवीकडे हलवून बघतो, खडखड हालला तर ठेवून देतो. जबड्याच्या आतल्या बाजू एकमेकींना समांतर आहेत का, कडेला ओबडधोबड राहिलंय का, तेही बघायचं. मूठ कशीही असली तरी चालते.

सॉकेट ज्या चौकोनी खुंटीवर बसतं तिची घरगुती कामातली मापं तीन, पाव इंच, तीन अष्टमांश इंच आणि अर्धा इंच. एकच घ्यायचं तर मधलं घ्या, लहानसहान कामालाही जड वाटत नाही आणि बऱ्यापैकी जोरही सोसतं. सॉकेट फिरवायची एकाच दिशेने पकडणारी मूठ म्हणजे रॅचेट, तिच्या दात्यांकडे लक्ष द्या. २४ दाते असतील तर पुढचा दाता पकडायला मूठ १५ अंश फिरवावी लागते, ७२ असतील तर ५ अंशांत भागतं, आणि हा फरक दुकानात कळत नाही, बॅटरीच्या मागे हात घालून बोल्ट फिरवताना कळतो. आणि एक गोष्ट रॅचेटची करू नका, त्याच्या मुठीवर उभं राहून घट्ट बोल्ट फोडू नका, आतले बारीक दाते तुटतात. त्यासाठी लांब दांड्याचा साधा ब्रेकर बार असतो, त्यात मोडण्यासारखं काहीच नसतं आणि म्हणूनच तो स्वस्त असतो.

दांडा लांब का हवा याचं गणित अगदी सोपं आहे. २० किलोचा जोर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर दिला तर साधारण ५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो, तोच जोर ५० सेंटिमीटरवर दिला तर दुप्पट. म्हणून लोक पान्याला पाइप घालतात. चालतं, मीही घालतो, पण सावकाश, आणि पाना सहा कोनांचा असेल तरच, नाहीतर बोल्टचं डोकं तरी जातं किंवा आपलं कपाळ तरी फुटतं.

अ‍ॅडजस्टेबल पान्याला मेकॅनिक लोक नावं ठेवतात आणि त्यात तथ्य आहे, पण दोष निम्मा पान्याचा आणि निम्मा वापरणाऱ्याचा असतो. आज जो प्रकार आपण वापरतो त्याचं पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि तेव्हापासून लोक तो उलटा लावतायत. नियम असा की पाना नटावर चपखल आवळायचा आणि जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने फिरवायचा, सरकत्या जबड्यावर नाही. उलटा लावला की सरकता जबडा ढिला पडतो, पाना घसरतो, आणि मग आपण पान्याला शिव्या घालतो.

पायरी ३: स्क्रू ड्रायव्हर

सगळे म्हणतात स्टार स्क्रू ड्रायव्हर दे, पण ती फुली एका जातीची नसते. घरात बहुतेक ठिकाणी दिसते ती फिलिप्स, तिची मापं पीएच १, २, ३ अशी, आणि घरात सगळ्यात जास्त लागतो तो पीएच २. फर्निचरच्या स्क्रूवर कधी कधी फुलीच्या मधोमध अजून चार बारीक तिरक्या रेघा दिसतात, तो पोझिड्राइव्ह, त्याला पीझेड टोक लागतं. आणि जपानी गाड्यांवर जो फिलिप्ससारखा दिसतो पण बऱ्याचदा डोक्यावर छोटा ठिपका असतो तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, त्यात फिलिप्सचं टोक पूर्ण खाली बसत नाही, वर उठून येतं आणि फुली खाऊन टाकतं. स्कूटर-बाइकच्या इंजिनच्या झाकणाचे स्क्रू खराब होतात त्यातले बरेचसे या एका कारणाने. जेआयएस टोकाचा एक ड्रायव्हर घेऊन ठेवा, तो फिलिप्सलाही बऱ्यापैकी चालतो, उलटं मात्र चालत नाही.

माझं सगळ्यात लाडकं स्वस्त हत्यार मात्र याच घराण्यातलं आहे, हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. जाडजूड नळकांडं, पुढे बिट बसतो, मागून हातोडीचा फटका मारला की टोक फटक्यासरशी स्क्रूत घट्ट दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. दाबणं आणि फिरवणं एकदम झाल्यामुळे टोक उसळून बाहेर यायला वावच राहत नाही. वीज नको, बॅटरी नको. फक्त दिशा आधी तपासा, मी एकदा चार फटके मारून स्क्रू अजून घट्ट करून ठेवला होता.

फुली थोडी खाल्ली गेली असेल तर आधी सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा मध्ये ठेवून फिरवून बघा, कधी कधी तेवढ्यावर निघतो.

एलन की, म्हणजे सहा कोनी खळग्याच्या स्क्रूची वाकडी किल्ली, तिच्याबद्दल एकच. टोक झिजून गोल झालं की लोक फेकून देतात, पण तो सहा कोनी दांडा सगळीकडे सारखाच असतो, झिजलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर घासून काढलं की पुन्हा नवी कोरी धार. ग्राइंडरवर घासणार असाल तर मधेमधे पाण्यात बुडवत राहा, लोखंड निळं पडलं तर समजा त्याचं पाणी उतरलं, ते मऊ झालं.

पायरी ४: पकडी

साधी पक्कड, लांब नाकाची पक्कड आणि लॉक होणारी, म्हणजे व्हाइस ग्रिप. पहिल्या दोन्ही बंद करून उजेडासमोर धरा, जबड्यांमधून उजेडाची फट दिसली तर नको, आणि कापायच्या धारेवर साधा कागद कापून बघा, स्वच्छ कापला पाहिजे. व्हाइस ग्रिपची लॉक होणारी मूठ अमेरिकेत नेब्रास्कामधल्या डी विट गावच्या विल्यम पीटरसन या डॅनिश लोहाराने काढली, पेटंट १९२४ चं. ती आवळून सोडून दिली की तिसरा हात मिळाल्यासारखं होतं. गोल झालेला नट, तुटलेला बोल्ट, मूठ नसलेला नळ, दोन पत्रे एकत्र धरणं, सगळं तिच्याकडे. पण चांगल्या नटाला ती लावायची नाही, दात उमटतात.

पायरी ५: कापणं आणि घासणं

हॅक्सॉची फ्रेम कुठलीही घ्या, पैसे ब्लेडमध्ये घाला, हे इथे जितकं खरं तितकं कुठेच नाही. ब्लेडवर इंचाला किती दाते ते लिहिलेलं असतं, १८, २४ किंवा ३२. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत, नाहीतर ब्लेड अडकते आणि दाते झडतात. १८ ची ब्लेड म्हणजे साधारण सव्वाचार मिलिमीटरच्या वरचं लोखंड, पातळ पत्र्याला आणि नळीला ३२ ची. पत्रा त्याहून पातळ असेल तर दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापा. दाते पुढच्या दिशेला, ब्लेड ताणून बसवलेली, आणि परत येताना जोर द्यायचा नाही.

कानस पण पुढे जातानाच कापते, परत आणताना उचलायची, घासत आणली की तिचे दाते बोथट होतात. सुरुवातीला एक सपाट आणि एक अर्धगोल पुरे. वापरायच्या आधी तिच्यावर साधा खडू घासा, लोखंडाचा कीस दात्यात अडकत नाही, अडकला तरी तारेच्या ब्रशने चटकन निघतो. आणि कानशी एका डब्यात एकमेकींवर आपटत ठेवू नका, त्या कडक असतात आणि एकमेकींचीच धार घालवतात. मी प्रत्येकीला जुन्या जीन्सच्या कापडाचा खिसा शिवलाय, घरच्यांना ते फार गमतीचं वाटतं.

कटर म्हणजे तो तुकडे मोडत जाणारा चाकू. हा १९५६ मध्ये जपानच्या योशिओ ओकादा यांनी काढला, चॉकलेटचे तुकडे कसे रेघेवर मोडतात आणि काच कशी तुटून पुन्हा धारदार कड येते त्यावरून त्यांना ते सुचलं. १८ मिलिमीटरवाला घ्या, ९ वाला कागदासाठी ठीक. टोक मोडताना पक्कड वापरा आणि डोळ्याला चष्मा.

पायरी ६: मोजायची हत्यारं, विकत घेण्याआधीच तपासा

टेपच्या टोकाचा हुक हलतो म्हणून ती खराब आहे असं समजून परत करणारे लोक मी पाहिलेत. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो, हुकच्या जाडीइतकाच. बाहेरून अडकवून ओढलं की तो बाहेर सरकतो, आतून भिंतीला टेकवून दाबलं की आत सरकतो, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. तो ठोकून घट्ट करू नका.

गुण्या तपासायचा असेल तर फळीच्या सरळ कडेला लावून एक रेघ मारा, मग उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर काटकोन बरोबर, फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. स्पिरिट लेव्हलचंही तसंच, टेबलावर ठेवून बुडबुडा कुठे आहे ते बघा आणि तीच पट्टी टोकाची अदलाबदल करून त्याच जागी ठेवा, बुडबुडा त्याच बाजूला तेवढाच राहिला पाहिजे. ओळंबा तर विकतच घेऊ नका, दोरीला जड नट बांधला की झाला, पृथ्वी कुणाला फसवत नाही.

व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे सरकत्या जबड्यांची बारीक मापाची पट्टी, घ्याच. पहिल्या पायरीत नट मोजायला सांगितलं ते यानेच नीट मोजता येतात. स्वस्त डिजिटलवाला घरच्या कामाला भरपूर अचूक असतो, दर वेळी जबडे पुसून बंद करून शून्य येतंय का बघायचं. त्यातले बरेचसे बंद असतानाही सेल खातात, म्हणून महिनोन् महिने ठेवणार असाल तर सेल काढून चिकटपट्टीने पेटीलाच लावून ठेवा.

पायरी ७: जुनी हत्यारं, खरा खजिना

आता माझ्या आवडीचा विषय. जुन्या सामानात, कुणी घर रिकामं करत असेल तिथे, बंद पडलेल्या वर्कशॉपच्या ढिगात जे मिळतं ते नव्या स्वस्त मालापेक्षा कित्येकदा सरस असतं, कारण साध्या हत्यारात बिघडण्यासारखं काही नसतंच. गंजाला घाबरू नका. गंज वरवरचा लालसर असेल तर तो निघतो, पण खोल खड्डे पडलेत का ते नखाने चाचपून बघा, कानशीचे किंवा पक्कडीच्या धारेचे दातेच खाल्ले गेले असतील तर ते परत येत नाहीत.

काय बघायचं ते सांगतो. सॉकेटला कडेपासून आत गेलेली केसासारखी चीर असेल तर सोडून द्या. पान्याचा जबडा त्या खिशातल्या कोऱ्या बोल्टवर बसवून बघा. छिन्नीचं ठोकायचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर छिन्नी घ्या, पण पहिल्या फटक्याआधी त्या कडा घासून काढा, कारण ठोकताना त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. वाइस (टेबलाला बसवायचा, वस्तू आवळून धरणारा शिकंजा) मिळाला तर आधी स्क्रू पूर्ण उघडबंद करा, बीडाच्या अंगाला कुठे वेल्डिंग केलेलं दिसलं तर हात जोडा आणि पुढे चला. हातोडीचं डोकं हालत असेल तर उलट खूश व्हा, ती त्याच कारणाने स्वस्तात सुटते.

हातोडी नीट करायची तर दांडा काढा, नवा कोरडा लाकडी दांडा भोकाच्या मापाने तासा, वरच्या टोकाला करवतीने चीर पाडा, डोकं बसवा, आणि मग हातोडी खालीवर उलटी करून दांड्याच्या बुडावर ठोका, डोकं आपोआप वर चढत घट्ट होतं. नंतर चिरेत लाकडी पाचर ठोकायची आणि तिला आडवी लोखंडी छोटी पाचर. दांड्याला जवसाचं तेल चोळा, हाताला छान लागतं. पण ते तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन गरम होतं आणि चुरगाळलेल्या फडक्यात उष्णता साठून ते आपलं आपण पेट घेऊ शकतं. ही ऐकीव भीती नाहीये, फडकं उघडं पसरून मोकळ्या जागी वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून ठेवायचं.

गंज काढायला सगळ्यात सोपं म्हणजे साधं पांढरं व्हिनेगर, त्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं. हत्यारावरचं तेल साबणाने धुवा, प्लॅस्टिकच्या डब्यात व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून अ‍ॅसिड मारायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं, लगेच पुसून उन्हात किंवा हेअर ड्रायरने खडखडीत वाळवायचं आणि वाळल्या वाळल्या तेलाचा हात. ही शेवटची घाई महत्त्वाची, पुसायला अर्धा तास उशीर केलात तर उघडं पडलेलं लोखंड डोळ्यादेखत पुन्हा लालसर होतं. क्रोमचा मुलामा उडत चाललेलं हत्यार, स्प्रिंग आणि बेअरिंग यात टाकू नका. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

अडकलेल्या बोल्टसाठी जो तो डब्ल्यूडी-४० मारतो. त्या नावाचा अर्थच मुळी पाणी हटवणारं ४० वं मिश्रण असा आहे, १९५३ चं आहे ते. ओल घालवायला, हलका गंज आणि चिकटपणा काढायला उत्तम, पण बेअरिंगला किंवा चेनला कायमचं वंगण म्हणून ते टिकत नाही, तिथे ग्रीस किंवा चेनचं तेल. अडकलेल्या बोल्टला गंजात मुरणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी डोक्यावर हातोडीचे चार टोले द्या आणि मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवून मग सोडा. घाई केली की बोल्ट तुटतो आणि मग चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात हेही लक्षात ठेवा, तिथे जोर करणारे लोक खरं तर ते अजून आवळत असतात.

पायरी ८: फुकटात मिळणारं

बिघडलेल्या स्पीकरमधलं गोल चुंबक काढून स्टीलच्या वाटीखाली चिकटवा, नट-बोल्ट ठेवायचा मॅग्नेटिक ट्रे तयार, गाडीच्या पत्र्यालाही चिकटून बसतो. त्याच चुंबकावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकाच दिशेने वीसेक वेळा घासलं की टोक स्क्रू धरायला लागतं. जुन्या हार्ड डिस्कमधली चुंबकं याहून जोरदार असतात, दोन एकत्र आली तर बोटाची कातडी चिमटते, जपून.

सायकलची जुनी ट्यूब आडवी कापली की हवे तितके मजबूत रबर बँड मिळतात. उभी कापून वाइसच्या जबड्याला लावली की नाजूक वस्तूवर दात उमटत नाहीत. झिजलेल्या मुठीवर गुंडाळा. प्लॅस्टिक पाइपचे वीतभर तुकडे तिरके कापून भिंतीला स्क्रू केले की ड्रिल, कानशी, पक्कडी उभ्या ठेवायला घर झालं.

पुठ्ठ्याचा तुकडा मात्र मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय. एखादं झाकण उघडताना पुठ्ठ्यावर त्याचं ढोबळ चित्र काढा, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खुपसून ठेवा. लांब-आखूड स्क्रू मिसळले आणि लांबडा चुकीच्या भोकात आवळला तर आतलं काहीतरी फुटतं.

पायरी ९: इथे काटकसर नाही

जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे पक्के आधार. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. स्टँडवर वजनाचा आकडा लिहिलेला असतो, तो एका स्टँडचा आहे की जोडीचा ते नीट वाचा, बऱ्याचदा जोडीचा असतो. सपाट कडक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढेमागे अडसर, आणि आत जायच्या आधी गाडीला एक चांगला धक्का देऊन बघायचं. जुने, वाकलेले, वेल्ड केलेले स्टँड फुकट मिळाले तरी नकोत.

विजेच्या कामाच्या पकडी. मुठीवर जाड प्लॅस्टिक आहे म्हणजे ती शॉकपासून वाचवते असं नसतं, बहुतेक वेळा ते फक्त हाताला मऊ लागावं म्हणून असतं. ज्याची तपासणी झालेली असते त्यावर दोन त्रिकोणांची खूण, १००० व्होल्ट आणि आयईसी ६०९०० (आंतरराष्ट्रीय मानक) असं लिहिलेलं असतं. तशी असली तरी आधी मेन स्विच बंद.

चष्मा, कडेने झाकलेला. हातमोजे घाला, पण ड्रिल किंवा ग्राइंडर चालवताना काढून ठेवा, फिरतं टोक मोज्याचा धागा पकडतं आणि मागोमाग हात ओढून घेतं.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळता येणारा पाना, सुरुवातीला उसना चालेल. क्लिक होणारा असेल तर काम झाल्यावर सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून परत करा आणि त्याने घट्ट बोल्ट सोडवू नका, ज्याचा आहे तो पुन्हा देणार नाही.

आणि सगळ्या मुठींवर भडक नारिंगी रंगाचा एक पट्टा मारून ठेवा, हत्यार गवतात पडलं तरी दिसतं, शेजारी नेलं तरी ओळखू येतं. माझा १० चा पाना तरी सापडत नाहीये, पण तो रंग लावायच्या आधीच गेला होता.